भारोभार गूळ

"आई, ये की वर."

छबू वरच्या वळणावर उभी होती. एका मुठीत परकराचा घोळ, दुसऱ्या मुठीत कुणीतरी हातावर ठेवलेला बत्तासा. तिच्या मागे टेकाईच्या देवळाचा कळस दिसत होता आणि कळसाभोवती जत्रेचा गुलाल धुक्यासारखा तरंगत होता. मी खाली, निम्म्या वाटेवरच्या विसाव्याच्या दगडावर बसले होते. श्वास घशाशी आलेला. गुडघ्यांत कुणी खुंट्या ठोकाव्यात तशी कळ.

"आले गं," मी म्हटलं, आणि उठले नाही.

"हलगी वाजतीया. ये की."

माझ्या शेजारी माझ्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. काटक बाई, पायात वहाण नाही, कपाळावर कुंकवाचा आडवा पट्टा. त्यांनी खांदा पुढे केला. "शालन, एवढी एक चढण ऱ्हायली. माझ्या खांद्याला धर."

"न्हाई व्हायचं आत्याबाई मला."

"दम घे. मग उठू."

मी दम घेतला. पुन्हा घेतला. वाटेनं माणसं वर चालली होती, आणि प्रत्येकाचे डोळे माझ्यावर अडखळून पुढे जात होते. एक जण हसत म्हणाला, "हिराबाई, सुनेला डालग्यात घालून न्या की वर."

"तू उचलतोस का डालगं?" आत्याबाई म्हणाल्या. "न्हाई न्हवं? मग चाल पुढं."

पण तो गेल्यावर त्यांनी कळसाकडे पाहिलं, हात जोडले, आणि माफी मागावी तशा दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. तोवर मी त्यांना कशालाही भिताना पाहिलं नव्हतं. रानात नाग निघाला तरी "जा बाबा आपल्या वाटंनं" म्हणणारी बाई ती.

"पुढच्या जत्रंला," त्या म्हणाल्या. मला नाही, देवीला.

त्या भीतीचं कारण सांगायचं तर तीन वर्षं मागे जावं लागेल. छबूच्या वेळी मी अडले. गावच्या सुईणीनं हात टेकले म्हणून मला बैलगाडीत घालून तालुक्याला निघाले, तर माळावर गाडीचा आख मोडला. भर दुपार, एक बाभळ आणि मी. ह्यांना दुसरी गाडी आणायला पिटाळून आत्याबाई गाडीतून खाली उतरल्या, समोर दिसणाऱ्या टेकाईच्या डोंगराकडे तोंड केलं आणि पदर पसरला. "आई, दोन्ही जीव सुखरूप सुटलं तर हिच्या भारोभार गूळ वाहीन." दुसरी गाडी यायच्या आत छबू झाली. बाभळीखाली, गवताच्या पेंढीवर.

आमच्या भागात असा नवस फेडायची रीत ठरलेली आहे. पोर आपल्या पायानं डोंगर चढलं पाहिजे, आणि नवस जिच्या भाराचा, तीही. कुणी उचलायचं नाही, गाडी-घोडं नाही. वर देवळापुढे मोठा ताजवा असतो. सागवानी तुळईला दोरखंडांनी टांगलेल्या दोन फळ्या. एका फळीवर माणूस, दुसरीवर गूळ. काटा सरळ झाला की तो गूळ फोडून जत्रेला वाटायचा.

छबू त्या जत्रेला चढली. मी चढले नाही. नवस तसाच राहिला.

*

आता माझ्या अंगाची गोष्ट. मी माहेरून काही अशी आले नव्हते. बाळंतपणात आत्याबाईंनी मला मरणाच्या दारातून आणलं, आणि त्यानंतर जणू पुन्हा ते दार दिसूच नये म्हणून माझ्यात अन्नाची भिंत बांधायला घेतली. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, भाताला खळगा करून त्यात तूप. पोर अंगावर पितंय म्हणून चार घास जास्त. पोरीनं पिणं सोडलं. आत्याबाईंच्या हातातला डाव काही थांबला नाही. आमचं गुऱ्हाळ, घरात गुळाला तोटा नाही. येता-जाता खडा तोंडात.

शिवाय रात्रीचं जेवण. बाप्यांची पंगत उठली, गुऱ्हाळावरची माणसं जेवली, की शेवटी चुलीपुढे मी. तव्यावरची उरलेली भाकरी, टोपातली आमटी, छबूच्या ताटलीतला भात. अन्न टाकायचं नाही हे मी माहेरून शिकून आलेली. आमच्या घरात उकिरड्याच्या आधी सुनेचं पोट लागायचं.

जत्रा झाली त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मी आडावर पाणी भरत होते. बयाक्का आली. बयाक्का म्हणजे टेकाईच्या गुरवाची विधवा भावजय. देवीला अंघोळ घालायचं पाणी रोज तीच वर न्यायची. वाळलेल्या शेंगेसारखी बाई, दात मिश्रीनं काळे, जीभ तिखट.

"शालन, माझा खांदा गेलाय," ती म्हणाली. "तेवढी घागर इसाव्याच्या दगडापातूर आणून दे. तिथनं पुढं मी नेते."

"मी? मला जत्रंत बघितलं न्हाईस व्हय?"

"बघितलं. दगडापातूर आलीस की. मी काय वर नी म्हणतीया?"

नाही म्हणायला काही सुचेना. दुसऱ्या दिवशी पहाटे घागर कमरेवर घेऊन निघाले. जाताना चार ठिकाणी टेकले. बयाक्का दगडावर बसली होती. घागर घेतली, म्हणाली, "उद्या ये," आणि निघून गेली. आभार नाही, काही नाही.

असं कितीतरी दिवस चाललं. मग एका पहाटे मी दगडापाशी पोचले, तर दगड रिकामा. वर पाहिलं. थोडं पुढे, हिवराच्या झाडाखाली बयाक्का बसलेली.

"काल इथं होतीस की," मी खालून म्हटलं.

"इकडं सावली हाय."

मी घागर घेऊन हिवरापर्यंत गेले. खाली उतरताना माझ्या लक्षात आलं की अजून दिवसच उगवला नव्हता. कसली सावली आणि कसलं काय.

पुढे तिची ती सावली अशीच सरकत राहिली. कधी महिनाभर एकाच जागी थांबायची. पावसाळ्यात वाट निसरडी झाली तेव्हा तर चार पावलं मागेच आली. दसऱ्याच्या सुमाराला ती चाफ्याच्या पारापर्यंत पोचली. आमच्यात त्याबद्दल एक शब्द झाला नाही. बोलणं व्हायचं ते गावच्या कागाळ्यांचं. कुणाची सून रुसून गेली, कुणाची म्हैस आटली. बयाक्काला सगळं ठाऊक असायचं. ऐकायच्या ओढीनं निम्मी चढण सरायची.

जेवणाचं मात्र छबूनं केलं. पोर दिवेलागणीला जेवायला बसायची आणि घास तोंडात धरून ठेवायची. एका संध्याकाळी तिनं ताटली ढकलली. "तू बस माझ्यासंगं. मग जेवते."

"मी मागनं जेवते, बाळा."

"मग मी बी मागनं."

आत्याबाई जवळच तांदूळ निवडत होत्या. "बाप्यांच्या आदी सून जेवाय बसली म्हंजे झालंच," त्या म्हणाल्या.

हे आमचे दारात पाय धूत होते. बोलणारा माणूस नाही, गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे बसून बसून तोंडही हंगामानंतरच्या रसाच्या काहिलीसारखं झाकलेलं. पण त्या दिवशी म्हणाले, "बसू दे की आई. पोरगी चार घास जास्त खाती तिच्यासंगं."

बसले. एक भाकरी, भाजी, वाटीभर आमटी. पोरीशी गप्पा मारत, तिच्या चिमणीच्या गतीनं. रात्री माणसं जेवून उठली तेव्हा मला भूकच नव्हती. उरलेली भाकरी मी म्हशीच्या आंबवणात घातली. म्हैस अंगानं सुटली तरी तिला कुठे डोंगर चढायचा होता.

आणि ते तसंच पडत गेलं. दिवेलागणीला छबूबरोबर जेवायचं, पहाटे घागर न्यायची. मी स्वतःला काही शिक्षा करत नव्हते. सणावाराला पोळी खाल्ली, तुपाची धारही घेतली. फक्त दुसऱ्यांदा डाव आला की ताटावर हात आडवा धरायला शिकले. आंब्याचं झाड पान टाकतं ना, एकेक, कुणाला कळू न देता, तसं काहीतरी माझ्या अंगावरून गळत होतं.

*

आत्याबाईंना कळलं ते संक्रांतीच्या पुढे. मी चोळीची शिवण आत घेत बसले होते. त्यांनी माझ्या हातातली चोळी घेऊन उलटीपालटी केली.

"सैल झाली?"

"थोडी."

"शिवू नगंस. भर तिला."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी थेट बोलल्याच नाहीत. बोलल्या त्या ओवीतून. आत्याबाईंना राग आला की ओवी सुचायची. तांदूळ निवडता निवडता, सुपाकडे बघत, मला ऐकू जाईल अशा बेतानं,

*सून वाळली वाळली, शेजी पुसते दारात*
*काय कमी झालं बाई, तुझ्या गुळाच्या घरात*

तिसऱ्या दिवशी मी सूप त्यांच्या हातून काढून घेतलं. "आत्याबाई, काय चुकलं माझं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. "तुझं डोहाळजेवण आठवतंय? गुऱ्हाळावर केलं हुतं."

आठवत होतं. सातव्या महिन्यात बायकांनी ढेपा तोलायचा मोठा काटा उसाच्या तुऱ्यांनी सजवला होता, त्याचा झोपाळा केला होता. मला एका पारड्यात बसवलं आणि हसत-खिदळत दुसऱ्यात ढेपांवर ढेपा रचल्या. काटा सरळ झाल्यावर केवढा हशा पिकला होता.

"त्या ढेपा ध्यानात हाईत माझ्या," आत्याबाई म्हणाल्या. "माळावर पदर पसरला तवा तेवढाच गूळ डोळ्यापुढं हुता. तेवढा तिला द्यायचा. आता तू निम्मी झालीस, तर निम्माच वाहू? काम झाल्यावर माप कमी करायचं?"

"पण चढायचं तर हलकं व्हायला पायजे."

"आन् फेडायचं तर भारी."

"मग मी करू काय?"

"मला काय ठावं. अडाणी बाई मी. तोंडाला आलं ते बोलून बसले. तिनं ऐकलं, पोरगी दिली, तुला दिली. आता तिच्या मापात खोट काढली आन् उद्या पोरीला ताप भरला, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

 देवी अशी माप धरून बसत नाही, असं मी म्हणू शकले असते. पण त्या दुपारी बाभळीखाली मी शुद्धीत नव्हते. पदर त्यांनी पसरला होता. त्या संध्याकाळी त्यांनी वाढलेले लाडू मी खाल्ले. पहाटे घागर घेतली नाही. त्यानंतरच्या पहाटेही नाही. त्या वाढत राहिल्या, मी खात राहिले, आणि दोघींनाही तो घास गोड लागत नव्हता.

आठवडा झाला असेल. गुऱ्हाळ रंगात होतं. मी दुपारचं जेवण घेऊन गेले होते, छबू बरोबर. काहिल उकळत होती, रसाला लाल फेस आलेला. मी टोपलं उतरवतेय तोवर एक चुकार मांजर काहिलीच्या अंगानं पळालं आणि त्याच्या मागे छबू. चुलाणाच्या कडेला राख पसरलेली, पाय घसरायची जागा.

मी कशी गेले मला आजही सांगता येत नाही. उसाच्या मोळ्या ओलांडल्या, चिपाडाचा ढीग ओलांडला आणि तिचा परकर मुठीत धरला तेव्हा काहिलीची वाफ आम्हा दोघींच्या तोंडावर येत होती. छबू मांजर गेलं म्हणून रडायला लागली. मी तिला उरापाशी धरून उभी राहिले. धापा टाकत होते, पण उभी होते.

आत्याबाई सावलीत चिपाडं वेचत होत्या. त्या जवळ आल्या, छबूच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"कवा पळायला शिकलीस?"

"टेकाईच्या वाटंवर."

 दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर उंबऱ्यात घागर घासून ठेवलेली. तिच्या तोंडावर ताटली, ताटलीत एक लाडू. आत्याबाईंनी देवीचंही राखलं होतं आणि माझंही.

तो लाडू मी रोज बयाक्काला द्यायची. फाल्गुनापर्यंत बयाक्काच जरा बाळसं धरायला लागली.

*

चैत्रात जत्रा आली. छबू पुढे, मी मागे, आत्याबाई माझ्या मागे. विसाव्याच्या दगडाशी मी थांबले, टेकायला नाही, त्याला हात लावायला. हिवर गेला, चाफा गेला. वरच्या वळणावर छबू मागे वळली आणि "ये की" म्हणायला तोंड उघडलं, तर मी तिच्या शेजारीच उभी होते. तिनं माझं बोट धरलं. देवळापुढे पोचलो तेव्हा हलगी अशी घुमत होती की छातीतली धडधड तिची की माझी, कळेना.

ह्यांनी गूळ माणसांच्या खांद्यावरून आधीच वर आणवला होता. मी बघितलं आणि ओळखलं. डोहाळजेवणाच्या तेवढ्याच ढेपा. आत्याबाईंनी एकही कमी केली नव्हती.

मी फळीवर बसले. बयाक्काचा दीर म्हादू गुरव ताजव्यापाशी उभा होता. बायकांनी ओव्या धरल्या आणि ढेप चढत गेली, दर ढेपेला एक ओवी.

*ताजव्याच्या पारड्यात, गूळ ठेवते वेचून*
*टेकाईच्या डोंगराला, लेक आली गं चालून*

काही ढेपा उरलेल्या असतानाच माझी फळी जमीन सोडून वर आली. ओवी थांबली. ढेपा थांबल्या नाहीत. आत्याबाई स्वतः एकेक उचलून ठेवत होत्या. शेवटची ठेवली तेव्हा गुळाचं पारडं भुईवर बसलं होतं आणि मी वर, दोरखंडाला धरून, पाय लोंबकळत.

"हिराबाई, सून उडाली की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"वरच्या ढेपा उतरा," म्हादू म्हणाला. "काटा सरळ झाला की झालं."

"ढेप हलवायची न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"अहो मावशी, मग तुळा कशी व्हायची?"

"माझं बोलणं तेवढ्या गुळाचं हाय."

 बयाक्का पुढे आली. "हिराबाई, मी सांगते ऐका. ही वरीसभर पाणी घेऊन आलीया. चोळी भिजायची घामानं. जे कमी झालं ते काय हिनं घरी ठेवलं? हितंच सांडलं, ह्या वाटंवर. देवीनं रोज चिमूटचिमूट नेलंय ते."

"तू म्हणतीस बयाक्का," आत्याबाई म्हणाल्या. "तिचं म्हणणं मला कसं कळावं?"

त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी वरून बघत होते. ढेपेवर हात ठेवून उभी असलेली ती म्हातारी मला त्या गर्दीत एकटी, एखाद्या लहान पोरीएवढी दिसली. मला वाटलं, खाली उडी मारावी आणि म्हणावं, आत्याबाई, मी पुन्हा पहिल्यासारखी होते, पुढच्या जत्रेला. खरंच तसं वाटलं.

तेवढ्यात छबूला ताजवा दिसला. "मला बी झोपाळा," म्हणत ती धावली आणि माझ्या लोंबत्या पायांना लोंबकळली. म्हादूनं फळी हातानं खाली दाबली, तिला सोडवायला. पण पोर चढलीच, माझ्या मांडीत बसली आणि माझ्या गळ्यात हात टाकले.

"पोरीला उतरवा गं कुणीतरी," म्हादू म्हणाला. "नवस आईच्या भाराचा हाय."

"थांब, म्हादू."

आत्याबाई जवळ आल्या. छबूच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग दोरखंडाकडे, मग पुन्हा छबूकडे. जणू कुठेतरी उसाचे तुरे हलत होते आणि त्यांना एकट्यांना दिसत होते.

"राहू दे तिला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी झोपाळ्यावर ही हुतीच की. पोटात. मी दोघींना तोललं आन् एकीच्या नावावर धरून बसले."

म्हादूनं फळीवरचा हात काढला.

ताजवा हलला. आम्ही वर गेलो, खाली आलो, पुन्हा थोड्या वर. छबू हसत होती. दोरखंड कुरकुरले, आणि दोन्ही फळ्या हळूहळू, दमलेल्या बैलजोडीसारख्या, एका रेषेत येऊन थांबल्या. फक्त गूळ अंगठाभर खाली होता. देवीच्या बाजूला तेवढं झुकतं द्यायचंच असतं.

कुणी हसलं नाही. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि त्यांची ओवी आली. ती त्यांनी आधी कधी म्हटलेली नव्हती, नंतरही मी ऐकली नाही. एकदाच ऐकली, ती अजून तोंडपाठ आहे.

*सून झाली गं हलकी, शेवरीची गं म्हातारी*
*तिचं वजन गं गेलं, तिच्या लेकीच्या पदरी*

*

गोष्ट खरी तर इथे संपायला हवी. पण नवस फिटला आणि मी घागर ठेवून दिली. बयाक्काचा खांदा एव्हाना बरा झालाच असेल, असं मनाला सांगितलं. पहाटेची झोप गोड असते. चार दिवस गेले, आठ गेले. एका संध्याकाळी छबूला लवकर जेवू घालून मी पुन्हा रात्री चुलीपुढे एकटी बसले आणि उरलंसुरलं सगळं संपवून तवा पुसला.

त्याच्या दुसऱ्या पहाटे कुणीतरी माझं पांघरूण ओढलं. आत्याबाई. हातात घागर.

"ऊठ. पाणी न्यायचंय."

"नवस फिटला की आत्याबाई."

"नवस फिटला म्हणून देवी उठून गेली व्हय? तिची अंघोळ ऱ्हायली." मग जरा थांबून, "त्या दिवशी काहिलीपाशी मी हुते. माझं पाय जागचं हललं न्हाईत, शालन. तुझं हललं. मी म्हातारी झाले. पोरीमागं पळणारं कुणीतरी लागतंय घरात."

मी उठले. त्या माझ्याबरोबर दगडापर्यंत आल्या आणि तिथेच बसल्या. मी परत येईपर्यंत बसून राहिल्या. त्या होत्या तोवर रोज. ताटात लाडू वाढायचं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. फक्त पुढे पुढे तो अर्धा करून वाढायच्या, आणि उरलेला अर्धा स्वतः खायच्या.

बयाक्का गेली. आत्याबाई गेल्या. गुऱ्हाळाची जागा आता मोकळी आहे. देवळाच्या मागच्या अंगानं डांबरी रस्ता झालाय, गाड्या थेट कळसापाशी जातात. देवीला अंघोळीला नळ आलाय. मी घागर नेत नाही, तांब्या नेते. माझ्या अंगाला त्या जत्रेची चोळी अजून होते. दर चैत्रात तीच घालते, ठिगळ लावून.

यंदा छबू आली होती, पुण्याहून, एकटीच. तिची लेक आता कॉलेजात आहे. छबूचं सगळं बसून काम, जेवणाच्या रात्रीच्या कुठल्या कुठल्या वेळा. गाडीतून उतरताना तिनं दाराला धरलं, तेव्हाच माझ्या गुडघ्यात ती जुनी खुंटी क्षणभर हलली. 

पहाटे मी तांब्या भरत होते. ती उठून बाहेर आली. "आई, मी येऊ?"

"ये की."

विसाव्याच्या दगडापर्यंत आली आणि बसली. कपाळावर घाम, श्वास घशाशी. "तू जा पुढं," म्हणाली. "मला नाही जमायचं. मी इथंच बसते."

मी तिच्याकडे पाहिलं. मग वाटेकडे. थोडी पुढे गेले, हिवराच्या झाडापर्यंत, आणि तिथे बसले. तांब्या शेजारी ठेवला.

"आई, थांबलीस का?"

"इकडं सावली हाय," मी म्हटलं.

छबूनं आभाळाकडे पाहिलं. चांदणी अजून मावळली नव्हती.

"कसली सावली," ती म्हणाली. पण दगडाला हात टेकून ती उठत होती.